साहेबाचं धुणं

नोटीस आली तेव्हा मोठी माय माळावर मिरच्या वाळत घालत होती. मोठी माय म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्याची बायको. चुलते गेले, शेत तिच्याकडे राहिलं. आई-बाप ऊसतोडीला जायचे तेव्हा मी आणि माझा भाऊही तिच्याकडेच राहायचो. कोतवालानं कागद पुढे केला. तिनं लुगड्याला हात पुसले, कागद घेतला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचायला लागली. प्रौढ वर्गात शिकलेली अक्षरं ती अजून बोटानंच वाचते. बोट एका शब्दावर अडलं, मागं गेलं, पुन्हा तिथंच आलं. मग तिनं मला फोन लावला.

"अतिक्रमणधारक म्हंजे आपुन का गं?"

हो, आपणच. नोटिशीत लिहिलं होतं की सदर गट हे गायरान आहे, गुरांच्या चराईसाठी राखलेलं. त्यावर आमच्या चार घरांनी बेकायदा वहिती केली आहे. आणि आता तिथं सोलर प्रकल्प होणार असल्यामुळे ताबा सोडावा. न सोडल्यास काय होईल तेही लिहिलं होतं. सरकारी कागदात तेवढा भाग नेहमी स्पष्ट असतो.

मोठ्या मायनं पुढं एकच विचारलं. मिरगाला पेरायचं का न्हाई, तेवढं सांग.

हा माळ जालन्याहून एसटीनं तासाभराच्या अंतरावर आहे. तालुक्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. असे माळ आणि असल्या नोटिसा जिल्ह्यात कमी नाहीत, आणि एका ऑफिसातल्या एका साहेबाला शिव्या घालून बाकीच्यांना मोकळं सोडायचं नाही मला. माळावर सिमेंटचे अकरा चौथरे आहेत. प्रत्येकातून लोखंडाच्या जाड पट्ट्या बाहेर आलेल्या, वरून कापलेल्या, आणि सगळ्या एकाच दिशेला कललेल्या. दक्षिणेला. एक बिनछपराची खोली आहे, तिच्यात शेळ्या बसतात. चौथरे तापतात चांगले, म्हणून मोठी माय त्यांच्यावर मिरच्या घालते. मधल्या जमिनीत बाजरी, तूर, आणि विहिरीच्या बाजूला वांगी.

दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी तिथं गोरे साहेब येऊन राहिल्ते, एवढं गावात सगळ्यांना माहीत. कशासाठी, ते कुणालाच नाही. आमच्या वस्तीत मात्र एक गोष्ट पिढ्यान्पिढ्या सांगतात की हा माळ आधी आमचाच होता. लढाईसाठी घेतला आणि लढाई संपल्यावर परत देतो म्हणाले. साहेब गेले. आमच्या लोकांनी कुणाला न विचारता नांगर घातला, कारण आपल्याच जमिनीत नांगर घालायला कुणाला विचारायचं? पण कागद नव्हता. कागद सरकारकडे होता आणि त्यावर गायरान लिहिलं होतं.

म्हणजे सगळं या एका गोष्टीवर येऊन थांबलं होतं: लढाईच्या काळात तिथं नेमकं काय होतं, आणि ते कुणाच्या जमिनीवर होतं. ते सिद्ध झालं तर आम्ही मालक. नाही झालं तर आम्ही गुरांच्या तोंडचा चारा पळवणारे चोर.

मी पत्रकांत वाढलेली मुलगी आहे. कॉलेजात असताना वसतिगृहातल्या पाण्यावर पहिलं पत्रक लिहिलं, तेव्हापासून आमच्या संघटनेची बहुतेक पत्रकं माझ्याच हातची. आम्हाला शिकवलेलं असतं: माणूस मोटरसायकलला किक मारायच्या आत वाचून झालं पाहिजे. पहिल्या ओळीत आरोप, दुसऱ्या ओळीत आरोपी. 'कदाचित' हा शब्द मी पत्रकात एकदाही वापरलेला नाही. याचा मला अभिमान होता.

तर मी तपासाला लागले. वही घेऊन पहिल्यांदा मोठ्या मायकडेच गेले आणि म्हटलं, तुला जे जे ऐकून माहीत आहे ते सांग, मी जबाब लिहून घेते. ती वांगी तोडत होती. तोडता तोडता सांगायला लागली.

माळाचं नाव तिनं 'तज्रब्याचा माळ' असं सांगितलं. गावात सगळे 'जरब्याचा माळ' म्हणतात. मी ते 'जरबेचा माळ' असं लिहिलं. जरब म्हणजे दहशत. साहेबांची जरब होती म्हणून जरबेचा माळ, सरळ आहे. 'तज्रब्याचा' हा म्हातारीच्या तोंडातला गोंधळ, दात पडले की असं होतं, असं मी धरून चालले. मी एम. ए. मराठी आहे. म्हातारीचं शुद्धलेखन दुरुस्त करायचा हक्क मला विद्यापीठानं दिला होता.

मग तिनं तिच्या सासूनं, म्हणजे माझ्या आजीनं, सांगितलेली गोष्ट सांगितली. सासू तेव्हा नवी नवरी होती आणि तिला माळावर रोजानं काम होतं. काम काय, तर शेळ्या हाकलायचं.

"साहेबाचं धुणं वाळत ऱ्हायचं ना तिथं," मोठी माय म्हणाली. "लोखंडाच्या खाटा उभ्या केल्त्या, तिरप्या. त्याच्यावर कापडं बांधलेली. तंबूचं कापड, दोर, काय काय. दिवस-दिवस, महिने-महिने वाळू घालायचे. साहेब रोज यायचा, बोटानं ओढून बघायचा, लिहून न्यायचा. सासू म्हणायची, इत्कं वाळलेलं धुणं बी साहेबाला वल्लंच दिसतंय."

सासूनं एकदा त्याला खुणेनं सांगितलं म्हणे, वाळलं की, आता काढ. साहेब हसला आणि पुन्हा लिहायला लागला. ही गोष्ट सांगताना मोठी माय स्वतः इतकी हसली की वांग्याची पाटी कलंडली.

मी हसले नाही. हे सगळं मी जबाबातून काढून टाकलं. विचार करा, आमच्या घरांवर बुलडोझर येऊ घातलाय आणि मी लिहू की इंग्रज सरकारनं दलितांची जमीन कपडे वाळत घालायला घेतली? लोक हसतील. मला असं काहीतरी हवं होतं की वाचणाऱ्याच्या अंगावर काटा आला पाहिजे. आणि ते मला सापडलं.

बिनछपराच्या खोलीत एक गंजलेलं पिंप होतं. मोठ्या मायनं ते आडवं करून त्यात कोंबड्या बसवलेल्या. झाकणाजवळ पत्र्यात इंग्रजी अक्षरं उमटवलेली, आधीची सगळी गंजून गेलेली, शेवटची तीन तेवढी शाबूत. एस, ओ, एन. मी कोंबड्या हुसकून पिंपापाशी बसले आणि माझ्या डोक्यात घंटा वाजली. पॉयझन. विष. युद्धकाळातला गुप्त माळ, गोरे साहेब, मुकाट्यानं लिहून नेणारे, आणि विषाचं पिंप. विषारी वायू. दुसरं काय असणार?

माझा भाऊ जालना एमआयडीसीत सळईच्या मिलमध्ये कामाला आहे. तो रविवारी आल्ता, त्याला मी पिंप दाखवलं. त्यानं आत हात घालून नखानं खरवडलं, वास घेतला.

"ताई, रंगाचं पिंप है हे. आमच्याकडं येतात असले. आतनं थर बघ ना."

मी त्याला म्हटलं, तू आठ तास भट्टीसमोर उभा राहतोस, तुला सगळं रंगाचंच दिसणार. तो गप्प बसला. तो माझ्यापुढं नेहमी गप्प बसतो, कारण घरात पत्रकं मी लिहिते.

तीन दिवसांत पत्रक तयार झालं. वर मोठ्या अक्षरात: 'आमच्या शेताखाली विष!' खाली: इंग्रजांनी आणि निजामानं मिळून आमच्या माळावर विषारी वायूचे प्रयोग केले, हा इतिहास सरकारनं गायरानाच्या नावाखाली गाडला, आणि आता आम्हालाच चोर ठरवून राह्यलेत. जरबेचा माळ या नावातच सगळं आहे, असंही लिहिलं. पिंपाचा फोटो टाकला. आठवडी बाजारात स्वतः उभी राहून वाटलं. लोक किक मारायच्या आधी थांबून वाचत होते. एका स्थानिक चॅनलवाल्यानं येऊन चौथऱ्यांचं शूटिंग केलं, मागं भीतीदायक संगीत लावलं. मला वाटलं, जिंकलो.

पुढच्या आठवड्यात मोठी माय बाजारात वांगी आणि मिरच्या घेऊन बसली. दरवेळी दुपारपर्यंत तिची पाटी रिकामी होते. त्या दिवशी बायका यायच्या, वांगं उचलायच्या, वास घ्यायच्या, ठेवून द्यायच्या. तिची बारा वर्षांपासूनची गिऱ्हाईक बाई शेवटी म्हणाली, "मावशी, राग नका मानू, पण ते विषाच्या माळावरचं हाये ना." मोठ्या मायनं पाटी जशीच्या तशी उचलली आणि टेम्पोत ठेवली. घरी आली. वांगी म्हशीला घातली. म्हशीनं खाल्ली. म्हैस माझं पत्रक वाचत नव्हती.

आणि त्याच आठवड्यात दुसरी नोटीस आली. तिला माझं पत्रक जोडलं होतं. 'आपल्याच प्रतिनिधींच्या म्हणण्यानुसार' सदर जागा आरोग्यास घातक असण्याची शक्यता आहे, सबब लोकांच्या सुरक्षिततेसाठी ताबा तातडीनं सोडावा, पेरणी करू नये. सुनावणीची तारीख मिरगाच्या आधीची.

मी आयुष्यात खूप जणांवर चिडलेय. तलाठ्यांवर, संस्थाचालकांवर, वसतिगृहाच्या अधीक्षकावर. पण तो कागद हातात घेऊन मी ज्या माणसावर चिडले तसं कुणावर चिडले नव्हते. माझीच वाक्यं होती. माझंच उद्गारचिन्ह होतं. सरकारला आम्हाला हाकलायला कारण कमी पडत होतं, ते मी छापून दिलं, वर फोटोसकट.

मोठी माय तेव्हा एवढंच म्हणाली, "तू लिव्हलंस ते खरं हाय का? खरं असलं तर मी उठते. नातवंडं खातात तिथलं."

मला 'हो' म्हणता आलं नाही. 'नाही' म्हणायला पुरावा नव्हता. 'कदाचित' हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा तिथं वापरला, आणि तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसनं रेकॉर्ड रूमला गेल्ते.

रेकॉर्ड रूमबद्दल लिहायला बसले तर वेगळं पत्रक होईल. निजामाच्या काळातले कागद उर्दूत आहेत. आमचा सगळा मराठवाडा त्या राज्यात होता, आमच्या आजे-पणज्यांच्या जमिनी त्या लिपीत लिहिल्या आहेत, आणि आज ते वाचणारं माणूस ऑफिसात नाही. बांधलेली गाठोडी आहेत, त्यांना वाळवी आहे, आणि एक कारकून आहे जो सांगतो की उर्दूतलं काढून काय करणार, मराठी भाषांतर झालेलं आहे, त्यात गायरान आहे, विषय संपला. मी म्हटलं, भाषांतर कुणी केलं? तो म्हणाला, ज्यानं केलं तो मेला. मी म्हटलं, मग मूळ दाखवा, ते तर जिवंत आहे. चार खेटे मारले. अर्ज, दुसरा अर्ज, पहिला अर्ज सापडत नसल्याचा अर्ज. शेवटी त्या गटाच्या जुन्या कागदांची नक्कल मिळाली: दोन पानं, घाईघाईनं लिहिलेली, किड्यांनी कोपरे खाल्लेली. माझ्यासाठी ती वाळूवरून मुंगी चालल्यासारखी होती.

जुन्या जालन्यात एक निवृत्त उर्दू शिक्षक राहतात, लोकांचे जुने कागद फुकट वाचून देतात, असं कुणीतरी सांगितलं. भावानं सुट्टी टाकली आणि मोटरसायकलवरून मला नेलं. मास्तर ऐंशीच्या घरातले. दिवाणखान्यात शिलाई मशीन, तिच्यावर चष्म्याच्या चार डब्या. त्यांनी आधी चहा पाजला, मग कागद खिडकीत धरून एकेक ओळ वाचायला लागले.

मी अधीर होऊन म्हटलं, "चाचा, गायरान लिहिलंय ना? मराठीत तसंच उतरवलंय."

"बेटी, गायरान को चरागाह बोलते. तुमच्या मराठीवाल्यानं इथं चरागाह वाचलं असणार." त्यांनी एका शब्दाखाली नख धरलं. "पण हे चरागाह न्हाई. बिलकुल न्हाई. हे तजरबागाह है."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. त्यांनी माझी वही ओढून घेतली आणि दोन्ही शब्द मोठे काढून दाखवले. शेवटचं 'गाह' सारखंच. उरलेल्या भागात एक-दोन दात, म्हणजे अक्षरांचे छोटे उंचवटे, आणि काही ठिपके यांचा फरक. घाईनं लिहिणारा मुन्शी ठिपके देत नाही, दात गिळून टाकतो. वाचणाऱ्याला त्याच्या ओळखीचा शब्द दिसतो. खेड्यातला मोकळा माळ म्हटला की कारकुनाच्या डोळ्यासमोर गुरंच येणार. त्यानं गुरं वाचली.

"तजरबा म्हणजे अनुभव ना?" मी विचारलं.

"अनुभव भी, प्रयोग भी. तजरबागाह म्हणजे जिथं गोष्टी आजमावून बघतात ती जागा. लॅबोरेटरी म्हणा. फौजेची होती, इथं लिहिलंय."

तज्रब्याचा माळ. मोठी माय पहिल्या दिवशी, वांगी तोडता तोडता, हाच शब्द बोलली होती. तिच्या सासूनं तो साहेबाच्या मुन्शीकडून ऐकला असणार आणि जसाच्या तसा सुनेच्या हवाली केला असणार. सरकारी दप्तरात जो शब्द मेला तो आमच्या घरात शाळेचं तोंड न पाहिलेल्या दोन बायकांनी जिवंत ठेवला, आणि मी, त्या घरातली पहिली एम. ए., त्यावर काट मारली होती.

मास्तर पुढं वाचत राहिले. माळ चार घरांच्या वहितीचा असल्याचं लिहिलं होतं. नावं होती. तिसरं नाव माझ्या पणज्याचं, त्यापुढं जातीचा तो जुना शब्द, जो आम्ही आता उच्चारत नाही. जमीन 'जंग खत्म होने तक' घेतली होती. आणि काय आजमावणार त्याची यादी: तंबूचं कापड, दोरखंड, रबर, रंग दिलेला पत्रा. हे सगळं ऊन-पावसात महिनोन्महिने ठेवायचं आणि किती दिवसांत विरतं ते नोंदवायचं. फौज गरम मुलखात लढत होती, तिला कळायला हवं होतं की तंबू किती उन्हाळे टिकतो.

साहेबाचं धुणं.

भाऊ इतका वेळ दारात बूट काढून उभा होता. तो म्हणाला, "चाचा, रंगाच्या पिंपावर एस-ओ-एन लिहिलंय, त्याचा काय मतलब लागतो?"

मास्तर म्हणाले, विलायतेत बाप-लेक मिळून धंदा करायचे तर नावापुढं 'अँड सन' लावायचे. फलाणा अँड सन. जुन्या शिलाई मशिनीवरसुद्धा असतं.

भावानं दारातले बूट पायात घातले. परत येताना अर्ध्या वाटेत, चहाला थांबल्यावर, म्हणाला, "ताई, पोरगा निघाला की गं तुझा पॉयझन." आणि मग घरापर्यंत मधूनमधून हसत राहिला. त्याला मी अडवलं नाही. कारकुनानं गुरं वाचली, मी विष वाचलं. दोघांनी अर्धवट शब्द बघितला आणि आपल्या मनातला पुरा केला. त्या मेलेल्या कारकुनाला मी आठ दिवस शिव्या देत होते. त्यानं निदान पत्रक तरी छापलं नव्हतं.

पण माझा राग तिथं संपला नाही, आणि तो संपवायचाही नाही मला. कारण विष नव्हतं म्हणून अन्याय लहान होत नाही. तो मोठा होतो. विषारी वायू असता तर म्हणता आलं असतं, भयंकर युद्ध होतं, भयंकर काम होतं. इथं काय होतं? कापड वाळत घालायला माळ हवा होता. गावात पाटलाचा माळ होता, सरकारचा स्वतःचा पडीक होता. घेतला कुणाचा? ज्यांना 'का' विचारायची सोय नव्हती त्यांचा. आणि आज? चौथऱ्यांतल्या त्या पट्ट्या दक्षिणेला का कललेल्या आहेत हे मला त्या दिवशी कळलं. ऊन जास्तीत जास्त मिळावं म्हणून. सोलरची माणसं मोजणीला आल्ती तेव्हा त्यांचा इंजिनियर त्या पट्ट्यांना कोन लावून बघत होता आणि कौतुकानं मान हलवत होता. तेव्हाही त्यांना ऊन हवं होतं, आताही ऊनच हवंय. गावभर ऊन पडतं. मोजायला मात्र दोन्ही वेळा आमच्याच माळावर येतात.

मोठ्या मायला सांगायला गेले तेव्हा ती चौथऱ्यावर बसून मिरच्यांची देठं खुडत होती. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. विष नाही. शब्द तूच बरोबर सांगितला होतास. धुण्याची गोष्ट खरी होती. मी ती काढून टाकली होती. ती देठं खुडत राहिली.

"सासूला वाटायचं, साहेब येडा होता," ती म्हणाली. मग म्हणाली, "माझं काढून टाकलंस त्याचं न्हाई काही. तिचं का काढलंस? ती तर उभी होती तिथं."



सुनावणीला आम्ही चारही घरची माणसं गेलो. सुनावणी घेणारे साहेब तरुण होते, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे असतील, बोलायला सभ्य. नक्कल पाहिली, मास्तरांनी सही करून दिलेला मराठी तर्जुमा पाहिला, शेवटपर्यंत वाचला. त्यांनी आधी माझं पत्रक वर काढलं. मी उभं राहून सांगितलं की ते पत्रक चूक आहे, माझी चूक आहे, आणि तसं मी लिहून देते. खुर्चीतल्या कुणापुढं मी असं पहिल्यांदाच बोलले.

मग साहेब म्हणाले की ठीक आहे, जमीन युद्धापुरती घेतली असं कागद म्हणतो. पण परत दिल्याचा आदेश कुठंय? युद्ध समाप्तीनंतर ताबा सोडल्याचा कागद जोडलेला नाही. तो नसेल तर अधिग्रहण चालू आहे असंच धरावं लागेल.

मी तोंड उघडणार तेवढ्यात मोठी माय उठली.

"साहेब, मंग जंग अजून चालूच है का?"

तिथला कारकून हसला. साहेबांनी त्याच्याकडं पाहिलं, मग त्यांनाही हसू आवरेना, आणि ते लपवायला त्यांनी पान उलटलं. मोठी माय हसली नव्हती. तिनं विचारलं होतं. ती उत्तराची वाट बघत उभी राहिली, आणि ती बसत नाही म्हटल्यावर साहेबांना उत्तर द्यावं लागलं.

ते म्हणाले, नाही आजी, युद्ध संपलंय.

"मंग तेवढं लिव्हा."

साहेबांनी सांगितलं की मूळ नोंद आणि भाषांतर यांची फेरतपासणी होईल, तोवर 'जैसे थे' ठेवावं, कुणी कुणाला उठवू नये. मोठ्या मायनं मला कोपरानं ढोसलं. जैसे थे म्हंजे कव्हापासूनचं जैसे, असं तिचं म्हणणं. मी तिला हळूच सांगितलं की आजच्यासारखं, म्हणजे पेरता येईल. तेवढ्यावर ती खाली बसली.

कारकुनानं तिचा जबाब छापील फॉर्मवर लिहून घेतला आणि सहीसाठी पुढं केला. तिनं अंगठ्याचा डबा बाजूला सारला आणि बोट लावून वाचायला सुरुवात केली. बाहेर पुढची सुनावणीवाली माणसं ताटकळली होती. कारकून म्हणाला, आजी, करा की सही, बराबर लिहिलंय सगळं. तिचं बोट वरच्या ओळीवरच अडलं. फॉर्मचं शीर्षकच छापील होतं: 'गायरान जमिनीवरील अतिक्रमणधारकाचा जबाब'.

"हे आमचं न्हाई," ती म्हणाली.

कारकून म्हणाला, अहो, तो नमुनाच तसा आहे, सगळ्यांना तोच असतो.

"असू द्या. माझ्या खाली ते नको."

तो साहेबांकडं बघायला लागला. साहेब दुसरी फाईल चाळत होते. मान वर न करता म्हणाले, काट मारा आणि हातानं लिहा. कारकुनानं पट्टी घेऊन ओळीवर सरळ काट मारली. वर काय लिहू, त्यानं विचारलं. मोठ्या मायनं माळाचं नाव सांगितलं. त्यानं 'जरब्याचा' लिहिलं.

मी हात पुढं करून पेन थांबवलं. "त-ज्र-ब्या-चा," मी म्हटलं. "त्या म्हणाल्या तसंच लिहा. एक अक्षर बदलू नका."

त्यानं पुन्हा काट मारली, पुन्हा लिहिलं. तिनं चारही अक्षरांवरून बोट फिरवलं, मग सावकाश सही केली, पहिलं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. सगळ्याला मिळून बराच वेळ लागला.

बस स्टँडवर ती मला म्हणाली की मिरग चार दिवसांवर आलाय, बी बघायला पाहिजे. आणि तुझं ते पत्रक दुरुस्त कर आधी, बाजारात मला बसायचंय.

नव्या पत्रकाचं पहिलं वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. 'मागच्या पत्रकात आम्ही जे छापलं ते चूक होतं.' दुसऱ्या ओळीत आरोपीचं नाव: माझं. त्याच्या खाली सासूची गोष्ट, शेळ्यांपासून ते 'इत्कं वाळलेलं धुणं बी साहेबाला वल्लंच दिसतंय' इथपर्यंत, मोठ्या मायनं सांगितली तशी, एक शब्द न काढता. छापखानेवाला म्हणाला, ताई, हे लांब झालंय, कोण थांबून वाचणार. मी म्हटलं, लांबच राहू दे.

बाजारात मी ते मोठ्या मायच्या पाटीशेजारी बसून वाटलं. तिची ती जुनी गिऱ्हाईक बाई आली, पत्रक घेतलं, उभ्यानं पूर्ण वाचलं, धुण्यापाशी हसली. मग वाकली, एक वांगं उचललं आणि, काय करायचं, सवय, वास घेतला. मोठी माय तिच्याकडं बघत होती. बाईनं ते पिशवीत टाकलं आणि दुसऱ्या वांग्याकडं हात नेला.